विचारा घराविषयी: लाकडी जमिनीला आलेला उतार

या महिन्यातल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार आहे. घर जुनं, वरच्या मजल्याला लाकडी जमीन आणि त्या जमिनीला उतार. म्हणून यावेळचं सदर पूर्ण या उतारालाच. आधी शब्द एक करून घेऊ, कारण पत्रांत एकाच लाकडाला कुणी बीम म्हणतं, कुणी पट्टी, कुणी नुसतं 'ते आडवं'. भिंतींवर किंवा खांबांवर टेकलेलं जाड लाकूड ती तुळई. तुळईपासून भिंतीपर्यंत ओळीनं बसवलेली त्याहून बारीक लाकडं त्या कड्या. कड्यांवर ठोकलेल्या, आपण चालतो त्या फळ्या. पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

प्रश्न: ताई, मागच्या पत्राच्या उत्तरात तुम्ही मापं मागितली होती, ती नळीत पाणी भरून मोजून पाठवते आहे. घर साधारण ऐंशी वर्षांचं. वरची खोली ४.२ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद. कड्या खिडकीच्या विटांच्या भिंतीवरून निघून आतल्या तुळईवर टेकतात. खिडकीपाशी शून्य धरलं तर तुळईकडे जाताना दर मीटरभर अंतरावर ९, १९, २८ आणि शेवटी ३८ मिलिमीटर जमीन खाली आहे. तुळईवर आडवं मोजलं तर एका टोकाला ३८, मधे ३५, दुसऱ्या टोकाला ३१. आम्हाला वर नवीन फळ्या टाकायच्या आहेत. एक सुतार म्हणतात, लेव्हलिंगचं, म्हणजे ओतल्यावर आपोआप समपातळीत पसरून घट्ट होणारं पातळ मिश्रण ओता, एका दिवसात काम होईल. दुसरे म्हणतात, खालून जॅक लावून तुळई उचलू. कुणाचं ऐकू?

उत्तर: निदान आत्ता तरी दोघांचंही नको.

आधी तुमच्या आकड्यांविषयी. बाकीच्या पत्रांत 'गोटी टाकली की पळते' यापलीकडे माहिती नसते. गोटी कुठेही पळते. एका फळीचा काठ अर्धा मिलिमीटर उचललेला असला तरी पुरतं. तुम्ही नळीत पाणी भरून, टप्प्याटप्प्यानं मोजलंत, म्हणून मला इथे बसून काही बोलता येतं आहे.

तुमचे आकडे एका सरळ रेषेत उतरतात: नऊ, दहा, नऊ, दहा. म्हणजे कड्या वाकलेल्या नाहीत. वाकल्या असत्या तर खोलीच्या मध्यावर सगळ्यांत मोठा आकडा आला असता आणि जमीन परातीसारखी झाली असती. तुमच्या कड्या सरळच आहेत, फक्त त्यांचं आतलं टोक खाली गेलं आहे. आता तुळईचे तीन आकडे बघा. मधे झोळ असता तर मधला आकडा दोन्ही टोकांपेक्षा मोठा हवा होता. तो बरोबर मधलाच आहे. तुळईही सरळ आहे आणि अख्खीच्या अख्खी, जरा एका अंगाला कलून, खाली बसली आहे. तेव्हा दोष वरच्या खोलीत शोधूच नका. जिना उतरा आणि तुळईखाली काय आहे ते बघा.

तिथे बहुधा दोन गोष्टी सापडतील. एक निरुपद्रवी, दुसरी कदाचित नाही.

निरुपद्रवी आधी. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या अंगानं आकसतं. ओलं लाकूड वापरलं असेल तर शंभर मिलिमीटर जाडीला तीन ते पाच मिलिमीटर सहज जातात. तुमच्या कड्यांचं एक टोक विटांवर आहे. वीट वाळून आकसत नाही. दुसरं टोक लाकडाच्या उतरंडीवर आहे: खांब, खांबावर आडवा ठोकळा, ठोकळ्यावर तुळई. खांब उभा म्हणजे लांबीत, तो जसाच्या तसा राहतो. ठोकळा आणि तुळई मात्र आडवे. त्या दोघांची मिळून उंची चारशे मिलिमीटर असेल तर बांधल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच बारा ते वीस मिलिमीटर उतार आपोआप तयार झाला. बाहेरून दगड-विटा आणि आतून लाकूड अशा घरांतल्या जमिनी बहुतेक वेळा आतल्या बाजूलाच उतरलेल्या असतात, त्याचं अर्धं कारण हे. त्यात कुणाची चूक नाही आणि ते कधीच थांबलेलं आहे.

उरलेले वीसेक मिलिमीटर कुठे गेले, तो खरा प्रश्न. खांबाच्या पायाशी बसा. खांब दगडावर टेकला आहे की थेट जमिनीत गेला आहे? जुना पेचकस घ्या आणि खांबाच्या खालच्या वीतभर भागात चारही बाजूंनी टोचा. निरोगी लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि बाहेर काढताना जरा धरून ठेवतं. कुजलेल्या लाकडात ते ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं जातं. खांबाच्या पोटाचं लाकूड उभ्या नळ्यांच्या जुडीसारखं असतं, त्याचं कापलेलं टोक ओलीवर ठेवलं की पाणी वर चढतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला राहायला जागा मिळाली. वाळवीच्या मातीच्या वाटाही तिथेच शोधा. मग हातोडीनं खालून वर ठोकत जा. आवाज 'टक' चा 'डब' कुठे होतो ते खडूनं मांडा.

दुसरं बघायचं ते हे की बसणं अजून चालू आहे का. यासाठी मी यंत्रं वगैरे लावण्याआधी दारं बघते. वरच्या खोलीचं दार चौकटीत बसावं म्हणून वरच्या काठावर तिरकं रंधलेलं आहे का? असेल तर त्या रंधलेल्या काठावर रंगाचे किती थर आहेत? तीन-चार थर असतील तर घर कधीचं बसून गेलं आणि त्यानंतर कुणीतरी तीन-चारदा रंग दिला. काठ उघडा, लाकूड पिवळसर-ताजं असेल तर मात्र थांबा. भिंतीतल्या भेगांचंही तसंच. भेगेच्या कडा मळक्या, आत धूळ आणि कोळ्याचं जाळं असेल तर ती म्हातारी भेग. कडा स्वच्छ, टोकदार असतील तर ती ताजी. शंका असेल तर भेगेवर आडवी पेन्सिल-रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि एक ओला, एक कोरडा ऋतू जाऊ द्या. घाई वाटत असली तरी जाऊ द्याच. हलत्या घरावर सरळ केलेली जमीन पुन्हा तिरकी होते.

आता ते मिश्रण ओतण्याविषयी, कारण ही सूचना मला दर महिन्याला दिसते आणि दर महिन्याला राग येतो. हिशेब करा. खोली पंधरा चौरस मीटर. एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला ३१ ते ३८, म्हणजे सरासरी सतरा मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तेव्हा अडीचशेहून जास्त लिटर मिश्रण लागेल. वाळल्यावर त्याचं वजन लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास. साडेचारशे किलोंच्या घरात गेलो! आणि हे वजन सारखं पसरत नाही. ते पाचरीच्या आकाराचं, म्हणून त्यातलं पाऊण वजन उताराच्या खालच्या अर्ध्या भागात. जी तुळई आधीच खाली बसली आहे, तिच्याच डोक्यावर कायमची चार-पाच माणसं उभी करायची. त्यात लाकडी जमीन पावलागणिक किंचित लवते, मिश्रण लवत नाही, म्हणून ते तडकतं. फळ्यांच्या फटींतून ते खालच्या खोलीत गळतं, हे वेगळंच. लाकडासाठी धागे घातलेली, खाली जाळी घालून वापरायची मिश्रणं मिळतात हे मला माहीत आहे. टणक, न लवणाऱ्या जमिनीवर पाच-सात मिलिमीटरच्या खळग्यासाठी मीही ती वापरली आहेत. अडतीस मिलिमीटरच्या उतारासाठी नाही.

जॅकविषयी पुढच्या पत्रात सविस्तर लिहिते. इथे एवढंच की तुमच्या उतारातला बराच भाग लाकूड आकसल्याचा आहे. तुळई वर उचलली तर ती आणि तिच्या खालचं लाकूड यांच्यात फट पडेल, आणि त्या तुळईभोवती ऐंशी वर्षं जुळवून घेतलेल्या भिंती, गिलावा, दारं, नळ सगळं पुन्हा हलेल. खांबाचा पाय कुजलेला निघाला तर तो दुरुस्त करावाच लागेल, आणि ते काम भार पेलणाऱ्या खांबांचं असल्यानं स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावल्याशिवाय हात लावू नका. पण तेव्हाही हेतू 'आणखी बसू नये' एवढाच ठेवा. आहे त्या उंचीवर धरून ठेवायचं.

मग जमीन सरळ कशी करायची? फळ्या काढायच्या, खडूनं मागे क्रमांक टाकून. (क्रमांक टाकायचा आळस केलात तर परत बसवताना कळेल की ऐंशी वर्षांच्या जुन्या फळ्यांत दोन फळ्या सारख्या रुंदीच्या नसतात.) आधी विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ कुठून जातात ते बघून ठेवा. मग प्रत्येक कडीवर, तिच्या लांबीइतकी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती पट्टी बसवायची. पट्टी कापण्याची रीत मी बाबांकडे पाहून शिकले. कडीच्या दोन टोकांना, जिथे नवी पातळी हवी तिथे खिळे ठोकून सूत ताणायचं. दर वीतभर अंतरावर सुतापासून कडीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि ते पट्टीवर उतरवायचं. ते बिंदू जोडले की जी रेघ येते ती कधीच सरळ नसते. कडीचे सगळे फुगवटे-खळगे त्या रेघेत येतात. त्या रेघेवर कापायचं, रंध्यानं साफ करायचं, आणि कापलेली बाजू कडीवर बसवायची, म्हणजे सरळ बाजू आपोआप वर येते. बाबा पट्टी बसवून तिच्याखाली कागदाचा कपटा सरकवून बघायचे. कपटा आत गेला तर पट्टी परत काढायची. मला तेव्हा हा छळ वाटायचा.

पट्टीचं निमुळतं टोक पाच-सहा मिलिमीटरपेक्षा बारीक झालं की साधं लाकूड स्क्रू मारताना चिरतं, तेवढ्या भागाला प्लायवुड वापरा. पट्टीला डिंक आणि स्क्रू दोन्ही हवेत. लाकूड पूर्ण वाळलेलं, आणि ते दोन आठवडे त्याच खोलीत पडून राहिलेलं हवं, नाहीतर पट्टी आकसेल आणि वर्षभरात जमीन कुरकुरू लागेल. पट्टीऐवजी कडीला लागून नवी कडी जोडायचाही पर्याय आहे: नव्या कडीचा माथा हव्या त्या पातळीला ठेवायचा आणि दोघींना आरपार बोल्टांनी बांधायचं. तुमच्या कड्या बारीक असतील किंवा चालताना जमीन झुलत असेल तर तेच करा, एका कामात दोन्ही होतील.

आता माझं खरं म्हणणं. अडतीसच्या अडतीस मिलिमीटर काढू नका. अर्धेच काढा.

का, ते सांगते. जमीन जिथे सगळ्यांत खाली आहे तिथेच तुमचं दार आणि पलीकडे जिन्याचं तोंड असणार, कारण तुळई घराच्या मध्यावर आहे. तिथे जमीन अडतीस मिलिमीटर वर आली की दारात तेवढी पायरी तयार होते. इतकी बुटकी पायरी डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. जिन्यापर्यंत जमीन उचलत नेलीत तर आणखी वाईट: शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा अडतीस मिलिमीटर उंच होईल. जिना चढताना पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची पाठ करतो आणि मग न बघता चढतो. पायऱ्यांत सेंटीमीटरभर फरक पडला तरी माणूस अडखळतं. बहुतेक देशांचे बांधकाम नियम एका जिन्यातल्या पायऱ्या सारख्या हव्यात म्हणतात, ते उगाच नाही.

अर्धा उतार काढलात तर चार मीटरला वीसेक मिलिमीटर उरतात. तो उतार कुणाला कळणार नाही, दारात जी एकोणीस-वीस मिलिमीटरची पायरी येईल ती रुंद, तिरक्या उंबरपट्टीनं मिटते. मात्र सपाटपणात तडजोड करू नका. सपाट आणि समपातळीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्या फळ्यांना पहिलीच हवी असते. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर कुठेही ठेवली तर खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. तिरकी पण सपाट जमीन फळ्या आनंदानं पेलतात. समपातळीत पण उंचसखल जमिनीवर त्यांचे सांधे सहा महिन्यांत बोलू लागतात.

प्रश्न: मॅडम, आमच्याकडे खोलीच्या मध्यावर झोळ होता, सुमारे ३० मिलिमीटर. ठेकेदारानं खालून हायड्रॉलिक जॅक लावून तीन तासांत बराचसा उचलला. आता वरचं एक दार लागत नाही, खिडकीची काच तडकली आहे आणि जॅक काढल्यावर झोळ अर्ध्याहून जास्त परत आला. हे असं होतं का?

उत्तर: होतं. माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून अधिकारवाणीनं सांगते.

स्वतःची कामं घ्यायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका घरात असंच केलं. जॅक लावला, दांडा हलवला, तुळई हळूच वर आली, मला फार हुशार वाटलं. संध्याकाळपर्यंत पंचवीस मिलिमीटर उचलले होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी बोटं मोडावीत तसे आवाज येत होते आणि मी ते लाकूड 'मोकळं होतंय' असं त्या घरच्या काकूंना समजावून सांगत होते. मग वरून काच फुटल्याचा आवाज आला. गिलाव्याला खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरकी भेग गेली, न्हाणीघरातला एक नळ सांध्यातून ठिबकू लागला, आणि जॅकखालची फरशी मधोमध दुभंगली, कारण मी जॅक थेट फरशीवर ठेवला होता. बाबा दुसऱ्या दिवशी आले. काही बोलले नाहीत. जॅकचा स्क्रू पाव फेरा सोडला, कान देऊन थांबले, पुन्हा पाव फेरा सोडला. तुळई खाली आणायला त्यांनी चार दिवस घेतले. काच आणि गिलावा माझ्या खिशातून झाला.

तुमचा झोळ परत का आला तेही समजून घ्या. लाकडावर वर्षानुवर्षं भार राहिला की ते हळूहळू वाकतं आणि त्यातलं बरंचसं वाकणं कायमचं होतं. भार काढला, अगदी खालून रेटा दिला तरी ते पूर्ण सरळ होत नाही. ओल्या लाकडात हे आणखी होतं. ओलं असताना बसवलेली कडी वाकलेल्या अवस्थेतच वाळते आणि तोच तिचा आकार होतो. तुमच्या जॅकनं कडी सरळ केली नाही, फक्त जबरदस्तीनं धरून ठेवली. हात काढला, ती आपल्या जागी गेली.

उचलायचंच असेल, म्हणजे खांब बदलायचा आहे किंवा टोक निसटलं आहे, तर एका वेळी तीन मिलिमीटर, आणि मग थांबायचं. काही जण दिवसाला तीन म्हणतात, मी जुन्या गिलाव्याच्या घरात आठवड्याला तीन म्हणते. जॅकच्या खाली आणि वर दोन्हीकडे जाड लाकडाचा रुंद पाट हवा, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. आणि जॅकवर घर सोडून घरी झोपायला जायचं नाही. हायड्रॉलिक जॅकमधलं तेल सीलमधून हळूहळू सुटतं, तो रात्रीतून उतरतो. दर टप्प्याला शेजारी भरीव टेकू लावून, पाचरी मारून भार टेकूवर द्यायचा.

तुमच्यासाठी आता: जॅक पुन्हा लावू नका. दाराला रंधा मारू नका, महिनाभर थांबा, घर स्थिरावलं की ते कदाचित आपोआप लागेल. मग वाकलेल्या प्रत्येक कडीला लागून नवी, सरळ कडी जोडून घ्या, जिची दोन्ही टोकं पक्क्या आधारावर टेकली आहेत अशी. जुनी कडी वाकलेलीच राहू द्या.

प्रश्न: उंच बाजूच्या कड्यांचा माथा वीस मिलिमीटर रंधून टाकला तर? पट्ट्या नकोत, काही नको.

उत्तर: नको. गॅलिलिओनं १६३८ साली छापून ठेवलं आहे की तीच पट्टी आडवी धरली तर चटकन मोडते आणि उभी धरली तर कितीतरी जास्त भार घेते. लवण्याच्या बाबतीत हिशेब त्याहून कडक आहे: कडीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाप्रमाणे बदलतो. दीडशे मिलिमीटर उंचीची कडी रंधून एकशे तीस केलीत तर लाकूड तेरा टक्के गेलं, ताठपणा पस्तीस टक्के गेला. उतार जाईल आणि त्याच्या जागी झुला येईल.

फळ्यांचा नुसता वरचा फुगवटा घासायचा असेल तर तो वेगळा विषय. पण जुन्या रंगात शिसं असू शकतं, तपासून घेतल्याशिवाय कोरडं घासू नका, आणि लहान मुलं घरात असतील तर मुळीच नको.

प्रश्न: ताई, आमच्या जमिनीला उतार नाही, एकाच जागी खळगा आहे, न्हाणीघराच्या दाराशी. हाताच्या पंजाएवढा. पाय पडला की जाणवतो.

उत्तर: एकाच जागचा खळगा आणि शेजारी न्हाणीघर, तेव्हा मला दोनच संशय. एक तर तिथे पाणी झिरपून कडीचं टोक कुजलं आहे, किंवा कधीतरी नळ नेण्यासाठी कुणीतरी कडीला वरून किंवा खालून खाच मारली आहे. एक फळी उचला, दिसेलच. कुजलं असेल तर आधी गळती बंद करा. खाच असेल तर दोन्ही बाजूंनी खाचेच्या पुढे-मागे चांगली मीटरभर जाईल अशी कडी जोडून बोल्ट मारा.

नळ न्यायचाच असेल तर कडीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर गोल भोक पाडावं. वाकताना कडीचा वरचा काठ दाबला जातो, खालचा ताणला जातो, मधल्या रेषेवर दोन्ही जवळजवळ नसतं. म्हणून मधलं भोक तिला फारसं कळत नाही, काठावरची खाच मात्र थेट हाडाला लागते. भोकाचा व्यास उंचीच्या पावपटीच्या आत ठेवा, आणि कडीच्या टोकापासून लांबीचा पाव भाग सोडून पुढे, पण अगदी मध्यावर नको. नळकाम करणाऱ्याला हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो, तो तोवर खाच मारून गेलेला असतो.

प्रश्न: पट्ट्या बसवून जमीन सरळ केली, पण आता कुरकुरते. आधी कुरकुरत नव्हती!

उत्तर: कुठेतरी पट्टी आणि कडी यांच्यात कागदाइतकी फट राहिली आहे आणि फळी खिळ्यावर वर-खाली घासते आहे. एकानं चालायचं, दुसऱ्यानं खालून किंवा गुडघ्यांवर बसून ऐकायचं, आवाजाच्या जागी खडूची फुली. खिळ्याशेजारी, फळीला आधी बारीक भोक पाडून, कडीपर्यंत पोचेल इतका लांब स्क्रू. फळ्यांच्या आपसातल्या घासण्याला फटीत टाल्क पावडर भरली की काही महिने शांतता मिळते.

प्रश्न: घर भाड्याचं आहे, जमिनीला हात लावता येणार नाही. कपाटाचं दार आपोआप उघडतं, टेबलावरचं पेन घरंगळतं आणि झोपल्यावर डोकं जड होतं. काही उपाय?

उत्तर: आहे की. कपाटाच्या उताराकडच्या पायांखाली कडक लाकडाच्या पातळ चकत्या घाला. दार अर्धं उघडून सोडा. जिथे सोडलं तिथे थांबलं की चकत्या पुरेशा झाल्या. घडी घातलेला पुठ्ठा नको, तो महिनाभरात दबतो. उंच कपाट मात्र वरून भिंतीला पट्टीनं बांधाच, आणि त्यासाठी घरमालकांना विचारा. दोन बारीक भोकांना ते नाही म्हणणार नाहीत. उतारावर उभं असलेलं भरलेलं कपाट, दोन्ही दारं एकदम उघडली की पुढे येतं. टेबलालाही तशाच चकत्या. आणि पलंग फिरवून घ्या, तुमची उशी सध्या खिडकीच्या विरुद्ध, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला असावी असा माझा अंदाज आहे. डोकं उंच बाजूला करा.